ओठ चावला आणि मी तपस्वी झाले

आधीच सांगून टाकते, माझा ओठ आता बरा आहे. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग राहिलाय. जीभ लागली की कळतो, बाकी काही नाही. ज्यांनी मोठाली आजारपणं काढली, ऑपरेशनं सोसली, त्यांच्यापुढे हे लिहायचं म्हणजे मला लाजच वाटते. माझं काय, तर तोंड आलं होतं. तेही स्वतःचा ओठ स्वतःच्याच दातांनी चावून. पण या एवढ्याशा दुखण्यात मी जशी वागले, ते मी कुणाला नीट, पहिल्यापासून सांगितलेलं नाही. तोंडातल्या फोडांनी हैराण झालेल्या कुणाला यातून थोडी अक्कल आली तर चांगलंच आहे. मला ती जरा उशिरा आली.

मी सरला. जालन्यात मस्तगडला राहते. खाली आमचं भांड्यांचं दुकान, वर घर. आम्ही मारवाडी जैन, पण पणजोबांपासून जालन्याचेच. मुलगा पुण्याला नोकरीला, त्यामुळे घरात तिघंच: मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूबाईंना घरातले सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. घरातलं बोलणं मारवाडी, हिंदी, मराठी अशी मिसळ असते. इथं मी ते मराठीतच लिहिते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी खादाड आहे. बाईंनी आयुष्यात अठ्ठाया केल्या, म्हणजे आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढले. वर्षभराचं तप केलं. माझी नणंद विमल, परतूरला असते, ती पण त्यांच्याच वळणावर गेली. आणि मी? मला एक उपास धड झेपत नाही. दुपारचे चार वाजले की माझं डोकं दुखायला लागतं आणि मी कैरीच्या लौंजीच्या, म्हणजे गोड-तिखट लोणच्याच्या, बरणीकडे बघत बसते. लग्न होऊन आले त्या वर्षी पर्युषणात मी दुपारीच उपास सोडला होता. तेव्हापासून बाई चार बायकांत हसत सांगायच्या, "आमची सरला खाण्यातली हाय." त्या रागानं नाही म्हणायच्या, पण म्हणायच्या.

बाटी

आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकावं लागतं. बाई गच्चीच्या दारात उभ्या राहून ऊन बघतात आणि तिथूनच हाक मारतात, "सरला, जल्दी कर! ऊन चाललं!" त्या दिवशी बाट्या केल्या होत्या. वरून चांगल्या कडक, आत तुपानं मऊ. सोबत लौंजी. यांना वाढता वाढता मीही ताट घेऊन बसले. बाईंची हाक आली, मी मोठा घास घेतला, त्यातच यांना काहीतरी उत्तर द्यायला गेले आणि कचकन ओठ दाताखाली आला.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाटीला रक्त लागलं. हे म्हणाले, "बाटी संपली का गं, ओठ खाऊन राह्यली?" मला हसू आलं आणि त्या हसण्यानं आणखी दुखलं. ऊन गेलं नव्हतं म्हणून मी उरलेली बाटीही खाल्ली. लौंजीसकट. त्या झोंबण्याची आठवण आली तरी अजून माझे डोळे पाणावतात.

ज्यांनी कधी ओठ चावलाय त्यांना पुढचं माहीत असेल. चावलेली जागा सुजते. सुजली की ती पुन्हा दाताखाली येते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिथंच चावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तिथं पांढरा खळगा पडला, भोवती लाल कडं. आणि जणू निमंत्रण गेल्यासारखे आणखी फोड आले, एक जिभेच्या टोकाखाली, दोन गालाच्या आत.

मी काय केलं ते सांगते, तुम्ही करू नका. लवंगेच्या तेलात कापूस बुडवून ओठात धरून ठेवला. दाताला लवंग चालते तर ओठालाही चालेल, असा माझा हिशोब. कापूस काढला तेव्हा कातडी पांढरी पडून सोलून निघाली. वरून मला जेवणानंतर सुपारीची सवय. कमरेच्या पिशवीत छोटी डबी असते. तोंड एवढं पोळलेलं असतानाही मी सुपारीचं खांड दुसऱ्या गालात धरून चघळत होते.

एक होकार

त्या आठवड्यात माझ्या चुलत दिराच्या नव्या घराची वास्तू होती. पंगत बसली. पानात काय नव्हतं! मिरचीची भजी, गट्ट्याची भाजी, तळलेले पापड. मी वाढणाऱ्याला हातानंच नको-नको करत राहिले आणि शेवटी कोरा भात आणि बिनफोडणीचं मुगाचं वरण मागून घेतलं. तेही गार करून, चमच्याच्या टोकानं, तोंडाच्या एका कोपऱ्यातून.

शेजारी किरणबाई होत्या. आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख, आवाज असा की त्यांना माईक लागत नाही. त्यांनी माझ्या पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सरला! ओळी धरली का काय तू?"

जैन नसलेल्यांसाठी सांगते. चैत्रात आणि अश्विनात आमच्याकडे नऊ दिवस आयंबिलाची ओळी असते. दिवसातून एकदाच जेवायचं. त्यात तेल, तूप, दूध, दही, साखर, मसाला, भाजी काही नाही. नुसतं शिजवलेलं धान्य आणि उकळून गार केलेलं पाणी. आमच्या घरी तर मीठसुद्धा घालत नाहीत. ती ओळी त्याच दिवशी सुरू झाली होती. मला खाण्यातलीला पत्ताही नव्हता.

आणि मी मान डोलावली.

का डोलावली याचा मी पुष्कळ विचार केला. तोंडात घास होता. बोलायचं म्हटलं की ओठ दातांवर घासायचा. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. 'तोंड आलंय' म्हटलं असतं तर लगेच दोघी-तिघींनी विचारलं असतं, काय खातेस गं, पुडी खातेस का? आमच्याकडे तोंडातल्या फोडाकडे लोक असंच बघतात, आणि माझ्या कमरेला डबी होती. आणि याहून खरं हे की किरणबाईंच्या तोंडावर जे आश्चर्य उमटलं, ते मला आवडलं.

"खूब अनुमोदना!" त्या अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. अनुमोदना म्हणजे दुसऱ्याच्या तपाला मनापासून दिलेली दाद. पंगतीतल्या बायकांनी माझ्याकडे वळून हात जोडले.

मी घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. बाई जिन्याच्या वर उभ्या होत्या. वयामुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, तरी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नाच्या दिवसानंतर हा हात तिथं कधी आला होता, मला आठवत नाही.

"मला बी सांगितलं न्हाई तू," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "लपवून तप करून राह्यली. खरं तप असंच असतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याच पायरीवर, त्याच मिनिटाला. मी पदर तोंडावर धरला आणि आत गेले. बाईंना वाटलं, सून लाजली.

बाई माझ्याजवळ बसायच्या

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी विचारलं, "पच्चक्खाण घेतलं का?" पच्चक्खाण म्हणजे तपाचा नेम. तो मनात धरून, म्हणून घ्यावा लागतो. त्याशिवाय नुसतं न खाणं म्हणजे तप नाही, ते नुसतं न खाणं. मी पुन्हा मान हलवली. माझा सगळा खोटेपणा मी असा मानेनंच केला. तोंडानं एक शब्द खोटा बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत होते. हा वकिली विचार मला कुठून सुचला, कुणास ठाऊक.

बाईंना साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून डॉक्टरांनी त्यांना यंदा ओळी करू दिली नव्हती. त्याची त्यांना मोठी हुरहुर होती. ती सगळी त्यांनी माझ्या ओळीवर भागवली. दुपारी माझं पान मांडलं की त्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. माझं पाणी स्वतः उकळायच्या, परातीत ओतून गार करायच्या, गाळून लोट्यात भरायच्या. भात आणखी मऊ हवा का विचारायच्या. फुलका कोरडा असायचा आणि ओठाला करवतीसारखा लागायचा, म्हणून मी तो मुगाच्या पाण्यात भिजवून घ्यायचे. ते बघून बाई म्हणायच्या, "चव बी सोडली हिनं."

आणि बोलायच्या. किती बोलायच्या! त्यांच्या माहेरचं, पहिल्या अठ्ठाईत त्यांना चक्कर आली होती ते, सासऱ्यांनी तेव्हा कसा हातपंखा घेतला होता ते. इतकी वर्षं एका घरात राहून यातलं मला काही माहीत नव्हतं. आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, कुकर झाला का, ऊन चाललं. आता मला बोलता येत नव्हतं आणि त्यांना माझ्याशी बोलावंसं वाटत होतं. मला लाज वाटत होती आणि दुपार कधी होते याची मी वाट बघत होते. दोन्ही खरं.

यांना मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. यांनी डोक्याला हात लावला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई किती खुश हाय बघ. आता काय बोलून राह्यली तू? नऊ दिस निघून जातील." मी यांच्या गळ्यात सगळं घालत नाही. मला हेच ऐकायचं होतं.

दुपारी बाईंचा डोळा लागला की मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून गार दूध प्यायचे. फ्रिजचं दार हळू लावायचे. बोटावर तूप घेऊन ओठाला आतून चोळायचे, तेवढ्यानं तासभर बरं वाटायचं. एकदा मागे पावलं वाजली. मी ग्लास पिंपामागे ठेवला आणि वळले. बाई होत्या. माझ्या वरच्या ओठावर दूध असणार, मी जीभ फिरवली तर फोड दाताला लागून जीव कळवळला. बाईंची नजर आता तेवढी चालत नाही. त्या म्हणाल्या, "भूक लागली का? थोडा धीर धर. पहिल्यांदा सगळ्यांनाच जड जातं." त्या माझी पाठ थोपटून गेल्या. मी ओट्याला धरून उभी राहिले. भूक कसली, तोंडात दुधाची साय होती.

याच्याही पुढची गोष्ट आहे. खालचा ओठ इतका सुजला की लोकांना दिसायला लागला. मग मी काय करावं? स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थळी, सामायिकाला, म्हणजे दोन घटकांच्या ध्यानाला, बसले. सामायिकात आम्ही तोंडाला मुहपत्ती बांधतो, पांढऱ्या कापडाची. बोलताना हवेतला जीवही दुखावू नये म्हणून ती असते. मी ती सूज झाकायला बांधली. वाससुद्धा झाकला जायचा, कारण तोंडाला वास यायला लागला होता. एक सामायिक झालं की मी दुसऱ्याला बसायचे, मुहपत्ती सोडायला नको म्हणून. किरणबाईंनी सगळ्यांना माझं उदाहरण दिलं.

आ कर

समोरच्या घरात मंदाताई राहतात. राजूरकडच्या शेतकरी घराण्यातल्या, नवरा एसटीत होता म्हणून जालन्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. पापडाचं पीठ मळायला त्यांचा हात लागला नाही तर माझे पापड फाटतात, म्हणून दर चैत्रात त्या माझ्याकडे येतात. गच्चीवर भर उन्हात पापड घालताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"इकडं बघ. आ कर."

"काही नाही हो मंदाताई, ओळी चाललीय ना—"

"वळीनं ओठ असा व्हतो व्हय? आ कर म्हन्ते ना!"

त्यांनी माझा ओठ दोन बोटांनी उलटा केला. मी ओरडले. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. मग मी सगळं सांगितलं. पापडावर माशा बसायला लागल्या तरी आम्ही दोघी तशाच बसलो.

"दवाखान्यात कवा जाणार?"

"पारणं झाल्यावर. आता गेले तर कळेल सगळ्यांना. मूग-भात ओठासाठी खातेय, हे कळेल."

"म्हंजी सासू खुश ऱ्हावी म्हून तू जखम सडू देती?" त्यांचा आवाज चढला. "माझा दीर बी असंच म्हनला व्हता, छाला हाय, जाईल. मंग सगळा गाल काढावा लागला. तू काय खुळी-बिळी झाली का? उठ. पदर घे तोंडावर, बस माझ्यासंग रिक्षात."

तो दिवस मी विसरणार नाही. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी मंदाताईंच्या मागे तोंड लपवून बसले होते, ओळखीचं कुणी येईल या भीतीनं. मरणाच्या भीतीपेक्षा ती भीती मोठी होती, हे आज लिहिताना माझं मलाच खरं वाटत नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं ओठ बघितला, कडेला बोटानं दाबून बघितलं, पुन्हा दाबलं.

"काकू, किती दिवसांचं आहे?"

सांगितलं.

"सुपारी खाता?"

मी मान डोलवायला गेले आणि थांबले. मानेनं बोलायचा मला वीट आला होता. "खाते," मी म्हणाले. "रोज. डबी आता पण कमरेला आहे."

खालच्या एका दाताचा कोपरा तुटून त्याला धार आली होती. तोच पुन्हा पुन्हा ओठात रुतत होता. तो तिनं घासून गोल केला. मलम दिलं, गोळ्या दिल्या. सुपारी आजपासून बंद. दूध, दही, तूप, मऊ भात, दिवसातून चार वेळा थोडं थोडं खा, उपाशी राहू नका, अंगात ताकद नसली की जखम भरत नाही. मग म्हणाली, "कड थोडी कडक लागतेय. बहुतेक सारखं चावून आणि तुम्ही म्हणता त्या लवंगेच्या तेलानं भाजून तशी झाली असेल. पण दोन आठवड्यांत भरली नाही, तर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. घाबरू नका, पण यायचं मात्र चुकवू नका."

तुकडा तपासायचा म्हणजे कशासाठी, हे विचारावं लागलं नाही. रिक्षात मंदाताईंनी माझा हात धरून ठेवला होता. मी डबी रस्त्यात कुठेतरी टाकून दिली.

सांगितलं

ओळीच्या शेवटच्या दिवशी विमल परतूरहून आली, भावजयीच्या पारण्याला. येताना माझ्यासाठी साडी आणली. दुसऱ्या दिवशी स्थानकात सगळ्या तपस्व्यांचा बहुमान होता आणि माझ्या अंगावर शाल बाईंच्या हातून पडावी, असं किरणबाईंनी ठरवलं होतं. बाईंनी आपली ठेवणीतली जांभळी साडी बाहेर काढली. तिला इस्त्री करायला त्या स्वतः बसल्या. मी म्हटलं, द्या मी करते, तर म्हणाल्या, "तू बस. तपस्व्यानं काम करू न्हाई."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं.

बाईंनी वर बघितलं. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि तुटक तुटक सांगितलं. ओठ चावल्यापासून. पंगतीतली मान, पिंपामागचा ग्लास, मुहपत्ती. डॉक्टर काय म्हणाली ते पण. बोलताना ओठ फाटत होता आणि मी रडत होते. खारट पाणी जखमेत जात होतं. विमल दारात साडीची पिशवी घेऊन उभी होती.

माझं झाल्यावर बाईंनी फोन मागितला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"किरण, उद्या माझ्या सुनेचं नाव घेऊ नको."

"का हो बाई? तब्येत बिघडली का?"

"तिनं वळी केलीच न्हाई. तिचं तोंड आलंय."

बाईंनी फोन बंद केला, जांभळी साडी घडी करून कपाटात ठेवली आणि आपल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या घरातून स्थानकात कुणी गेलं नाही. विमल जेवून परतूरच्या गाडीनं गेली. साडी माझ्या पलंगावर ठेवून गेली. ती मी अजून नेसलेली नाही.

वाट बघणं

पुढचे ते दिवस लांब होते. आता दूध उघड प्यायला मोकळीक होती, पण मी अजूनही भिंतीकडे तोंड करूनच प्यायचे. बाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. दूध आलं का, कुकर झाला का. दुपारची खुर्ची जेवणाच्या टेबलापासून उचलून त्यांनी आपल्या खिडकीजवळ नेली. त्यांनी रागावून, ओरडून घ्यावं असं मला वाटायचं. त्या ओरडल्या नाहीत.

भाजी आणायला गेले की ओळखीच्या बायका हसू दाबायच्या. एकीनं विचारलंच, "काय सरलाबाई, दूध चालतं ना आता?" मी म्हटलं, चालतं. काय म्हणणार?

सकाळी उठल्या उठल्या मी खिडकीशी जाऊन छोट्या आरशात ओठ उलटा करून बघायचे. एक दिवस वाटायचं कमी झालं, दुसऱ्या दिवशी वाटायचं तेवढंच आहे. जखमेला दिवसातून दहादा जीभ लावून बघायचे, ते पण करू नका. टूथपेस्ट झोंबायची म्हणून नुसत्या मऊ ब्रशनं, मिठाच्या कोमट पाण्यानं तोंड धुवायचे. मंदाताई रोज येऊन बसायच्या. औषध आणत नव्हत्या, उपदेश करत नव्हत्या, नुसत्या त्यांच्या सुनेच्या तक्रारी सांगायच्या. तेवढा अर्धा तास मी माझा ओठ विसरायचे. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

यांना एकदा मी विचारलं, वाईट निघालं तर? हे दुकानात गेले, शटर अर्धं ओढून परत वर आले आणि माझ्याजवळ बसले. म्हणाले, "मीच म्हनलो व्हतो ना, नऊ दिस निघून जातील." तेव्हा कळलं, लाज माझ्या एकटीला नव्हती.

जखम भरत होती की नाही, मला सांगता येत नव्हतं. तपासायला जायचा दिवस आला. मी तयार होऊन जिन्यात आले, तर बाई खाली दुकानात चपला घालून उभ्या होत्या. "मी येते," एवढंच म्हणाल्या. यांनी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर आम्ही शेजारी बसलो. समोर एका बाईचा मुका मार लागलेला गाल, तिच्या मांडीवर झोपलेली मुलगी. आमच्या बाई त्या मुलीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"मला एक सांग. दुखतंय म्हनली असती, तर मी तुझ्याजवळ बसले नसते, असं वाटलं का तुला?"

मला मान हलवून चालणार नव्हतं.

"हो बाई," मी म्हणाले. "असंच वाटलं."

त्यांनी पदर सारखा केला. हाताची बोटं एकमेकांत घातली, सोडली. त्यांचा चेहरा मला तोवर कधी असा दिसला नव्हता. पंगतीतून घरी येताना रिक्षाच्या आरशात माझा चेहरा दिसला होता, तसाच ओशाळलेला होता.

"नसतेच बसले," त्या म्हणाल्या. "बराबर वाटलं तुला."

आतून माझं नाव पुकारलं. मी उठायच्या आत बाई उठल्या, दाराशी चपला काढल्या आणि माझ्यापुढे आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. चष्मा पदरानं पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "आधी मला दाखवा हिचा ओठ. मी अजून बघितलाच न्हाई."